एकोणिसावा दरवाजा

हुबळी-धारवाडला मोठी नदी नाही. धारवाडच्या सोमेश्वराजवळ शाल्मला उगम पावते आणि पश्चिमेच्या समुद्राची वाट धरते. हुबळीकडच्या बेण्णीहळ्ळ्याचं पाणी मलप्रभेला मिळून पूर्वेला जातं. दोन समुद्रांची वाटणी आमच्या अंगणात होते, पण होडी तरंगेल एवढं पाणी कुठल्याच वाट्याला येत नाही. त्यामुळे नदीवर दरवाजे कसे असतात, ते कोण राखतं, हे बघायचं तर गदग-कोप्पळ मार्गाने होसपेट्याला जायचं. हा लोहमार्ग सदर्न मराठा रेल्वेने टाकला. तिची कचेरी धारवाडलाच होती. मुनिराबाद आलं की तुंगभद्रेची भिंत दिसते आणि तिच्यावर ओळीने ३३ दरवाजे.

धरण १९५३ चं. भिंत दगडी, चुना-सुरखीत बांधलेली. माथ्यावरचा प्रत्येक दरवाजा ६० फूट रुंद, २० फूट उंच, पोलादी. तो खाचेत बसतो आणि साखळीने वरखाली होतो. रचना साधी आहे, आणि सगळा भार साखळीच्या कड्यांवर आहे. एकेका कडीवर सत्तर वर्षं पाऊस, गंज आणि ताण साचत होता.

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९ व्या दरवाजाची कडी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरण तेव्हा जवळजवळ काठोकाठ होतं, १०५ टीएमसीच्या आसपास. त्या एका भोकातून ३५,००० क्युसेक पाणी सुटलं, म्हणजे दिवसाला तीन टीएमसी. भार वाटला जावा म्हणून बाकीचे दरवाजेही उघडले आणि विसर्ग लाखाच्या घरात गेला. खाली नदीकाठच्या गावांना इशारे गेले. कालव्यांवरच्या रायचूर, कोप्पळ, बळ्ळारीच्या आणि आंध्र-तेलंगणाच्या शेतकऱ्याला आपलं भात डोळ्यांदेखत वाहून जाताना दिसत होतं.

शहाणा सल्ला असा होता: पाणी दरवाजाच्या तळाखाली उतरू द्या, मग कोरड्यात काम करा. म्हणजे निम्म्याहून जास्त साठा सोडून द्यायचा. एन. कन्नय्या नायडू मात्र म्हणाले, वाहत्या पाण्यातच बंद करू. हे धरणांच्या दरवाजांतले जाणकार, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी आखणी केली ती अशी: एक मोठा दरवाजा विसरा, चार-चार फूट उंचीचे पोलादी पाच तुकडे करा आणि क्रेनने एकावर एक खाचेत सोडा. आसपासच्या कारखान्यांनी ते घाईने घडवले. सुरुवातीचे प्रयत्न फसले. १६ ऑगस्टला संध्याकाळी पहिला तुकडा बसला, दुसऱ्या दिवशी पाचही बसले. भरल्या धरणाच्या वाहत्या पाण्यात असं काम क्वचितच होतं. पुढे पावसाने साथ दिली आणि गेलेलं बरंचसं पाणी परत आलं.

नायडूंचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मला जास्त बोचलं ते दुसरंच. बिघाड झाल्यावर दरवाजाच्या पुढे तात्पुरता अडसर टाकता यावा, यासाठी धरणांना वेगळी खाच ठेवतात. तुंगभद्रेच्या माथ्यावर ती सोयच नव्हती.

आणि ही काही नवी विद्या नाही. इंग्लंडमध्ये थेम्स नदीवर बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी लॉक आहेत, चाळीसहून अधिक: दोन दरवाजांमधला हौद, त्यात पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट आपोआप वर-खाली. अनेक ठिकाणी राखणदाराचं घर लॉकला लागूनच. नवशिक्या नावाड्याचा दोर तो सावरतो, पाणी केव्हा सोडायचं ते सांगतो, झडप अडकली तर पुढच्या बोटींना थांबवतो. दरवाजाच दुरुस्त करायचा झाला तर लॉकच्या दोन्ही टोकांना ठेवलेल्या खाचांत एकावर एक फळ्या टाकायच्या आणि मधला हौद उपसायचा. नायडूंचे पाच तुकडे म्हणजे त्याच फळ्या, फक्त साठ फुटी आणि पोलादी.

आपल्याकडे याला बर्गे म्हणतात. पंचगंगेचा राजाराम बंधारा पाहिलेल्या कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बर्गे घालायचे, पाणी अडवायचं. पुढचा पाऊस तोंडावर आला की काढून घ्यायचे. काढायला उशीर झाला तर पुराचा रेटा आणि वाहून आलेला पालापाचोळा बंधाऱ्यावर येतो. हे काम करणाऱ्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. पण कुठला बर्गा वाकला आहे, कुठल्या खाचेत गाळ बसतो, हे त्यांना तोंडपाठ असतं, कारण दरवर्षी ते हातानेच काढतात-घालतात. तुंगभद्रेची साखळी मात्र कायमची बसवलेली होती. रोज चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतो?

गंमत अशी की लॉक या तुंगभद्रेला अगदीच परके नाहीत. १८६० च्या दशकात मद्रास इरिगेशन कंपनीने सुंकेसुलाजवळ नदी अडवून कर्नूल-कडप्पा कालवा काढला, तो पाटासाठी आणि बोटींसाठीही. त्यावर लॉक बांधले. या योजनेमागचे इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांना रेल्वेपेक्षा जलमार्गाचा भरवसा अधिक. हिशेब जमला नाही, १८८२ मध्ये सरकारने कालवा विकत घेतला. बोटी गेल्या, पाटाचं पाणी उरलं.

इकडे होसपेट्याला तज्ज्ञांनी तपासणी करून ३३ ही दरवाजे बदलायला सांगितलं. दुरुस्ती होईपर्यंत जुन्या साखळ्यांवर पूर्ण भार नको, म्हणून २०२५ च्या पावसाळ्यात साठा ८० टीएमसीच्या आसपासच राखायचं ठरलं. वरची २५ टीएमसीची जागा रिकामी ठेवून येईल ते पाणी खाली सोडत राहिले.