घरचं जनावर (लेखांक 9) : पिल्लांविना बाळंतीण

मागच्या आठवड्यात कुत्रीचा माज संपतो तिथे आपण थांबलो होतो. बहुतेक घरंही तिथेच निर्धास्त होतात. फरशीवरचे डाग गेले, फाटकाबाहेर ताटकळणारे उमेदवार पांगले, आता सहा महिने बघायला नको. पण या गोष्टीचा उत्तरार्ध दीड-दोन महिन्यांनी सुरू होतो. एरवी पट्टा दिसला की नाचणारी कुत्री फिरायला नको म्हणते, जिन्यापर्यंत जाऊन माघारी वळते. पलंगाखाली फरशी उकरत बसते. पायपुसणी, ओढण्या, इस्त्रीचे कपडे, जे मिळेल ते ओढून नेऊन तिथे गादी करते. मग एखादा मोजा किंवा कापडी ससा तोंडात अलगद धरून त्या गादीत नेते, चाटते, त्याच्याभोवती वेटोळं करून बसते, आणि कोणी वाकून पाहिलं की गुरगुरते. रात्रभर कुंई-कुंई. जेवणाकडे पाठ. पोट सुटल्यासारखं, सड फुगलेले, कधी त्यातून दूधही. आणि कुत्रा तर तिच्या आसपास फिरकलेलाही नसतो.

हे खोटं गाभणपण. घरचे यातून दोनच निष्कर्ष काढतात: एक, आपली नजर चुकवून काहीतरी झालंय, दोन, बिचारीला आई व्हायचंय आणि आपण होऊ दिलं नाही. पहिला निष्कर्ष तपासून घ्यावाच. माजानंतर साधारण महिन्याभरात सोनोग्राफीत पिल्लं दिसतात, शेवटच्या दिवसांत एक्स-रेमध्ये सांगाडेही मोजता येतात. दुसरा निष्कर्ष मात्र तपासण्याच्या लायकीचा नाही, तरी तोच घराघरांत जास्त दुःख देतो.

ज्यांच्याकडे गोठा आहे त्यांना यातलं वेगळेपण चटकन कळेल. गाय भरवली आणि ती गाभण राहिली नाही, तर एकवीस दिवसांनी उलटते. म्हणजे गर्भ नाही हे तिच्या गर्भाशयाला कळतं, ते तसा निरोप पाठवतं आणि अंडाशयावरचा पीतपिंड विरघळतो. कुत्रीत हा निरोप जातच नाही. बीज सुटल्यावर तयार झालेले पीतपिंड दोन महिने टिकतात आणि प्रोजेस्टेरॉन बनवत राहतात, मग पोटात पिल्लं असोत वा नसोत. गाभणकाळ 63 दिवसांच्या आसपासचा. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीवरून कुत्री गाभण आहे की नाही हे सांगता येत नाही, ते यामुळेच. दोन महिने सरत आले की प्रोजेस्टेरॉन उतरतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढतं, आणि प्रोलॅक्टिन दूध आणतं, घरटं करायला लावतं, राखण करायला लावतं. हा उतार-चढाव माजावर येऊन गेलेल्या प्रत्येक कुत्रीत होतो. काहींमध्ये तो कोणाच्या लक्षातही येत नाही, काहींमध्ये घर डोक्यावर घेतो. तेव्हा हा भ्रम नव्हे, वेडही नव्हे. तिच्या शरीराच्या हिशेबात ती खरोखरच बाळंतीण आहे.

निसर्गाने असं का ठेवलं असेल? लांडग्यांच्या कळपात बहुधा एकाच जोडीला पिल्लं होतात. बाकीच्या माद्यांनाही याच सुमारास पान्हा फुटला तर आई शिकारीला गेली असताना पिल्लं उपाशी राहत नाहीत, असा यामागचा तर्क मांडला जातो. भाद्रपदात आपल्या गल्लीत जो गोंधळ चालतो, त्याची पिल्लं कार्तिकाच्या आसपास दिसू लागतात. तेव्हा नीट पाहिलं तर एखादी दुसरीच कुत्री त्यांच्याशी आईपणाने वागताना दिसते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने भटक्या कुत्र्यांचा सातत्याने अभ्यास केला आहे. आजी आपल्या लेकीच्या पिल्लांची काळजी घेते, अशी नोंद त्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केली. गल्लीत जे उपयोगी पडतं तेच तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निरुपयोगी ठरतं, कारण तिथे पिल्लूच नाही. मग कापडी ससा.

आता मदतीचं. सर्वसाधारणपणे हा प्रकार दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. आपलं काम एवढंच, की तो लांबवायचा नाही. आणि प्रेमळ घरांत तो हमखास लांबवला जातो. माझ्याकडे येणाऱ्या एका लॅब्राडॉरच्या घरी आजी होत्या. त्यांनी तीन लेकी-सुनांची बाळंतपणं केलेली. त्यांनी कुत्रीला हळिवाची खीर सुरू केली, सडांना कोमट तेल लावून शेक दिला, दूध साठून दुखेल म्हणून रोज थोडं पिळून काढलं. माणसाच्या बाळंतिणीसाठी यातलं काहीच चुकीचं नाही. इथे मात्र नेमकं उलटं व्हायला हवं होतं. सडांना स्पर्श झाला की मेंदूला वाटतं पिल्लू पितंय, प्रोलॅक्टिन आणखी वाढतं, आणखी दूध येतं. कुत्री स्वतःला चाटते तेव्हाही हेच होतं. मी सगळं थांबवायला सांगितलं, तर आजी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाला नाही कळायचं." आठवड्याभराने त्यांनीच नातवाचा जुना बनियन कापून तिला अंगरखा शिवला आणि चाटणं बंद केलं. अंगरख्याने भागत नसेल तर गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालावी. सड ठणकत असतील तर गार पाण्याची घडी चालते, शेक नाही. खाणं थोडं कमी करावं, दूध-खीर-तूप बंद. काही जण पाणी तोडायला सांगतात; तो अघोरी सल्ला आहे, पाळू नये.

ससा काढून घ्यायचा का? हिसकावून तर मुळीच नाही. अशा वेळी एरवी गरीब असलेली कुत्रीसुद्धा चावते, आणि चावा बहुधा घरातल्या लहान मुलाला बसतो. ती बाहेर गेली असताना एकेक वस्तू नाहीशी करावी, गादी आवरून टाकावी. एकाच वस्तूवर फारच जीव असेल आणि ती नसल्यावर घरभर शोधत आकांत करत असेल, तर ती एक राहू द्यावी. फिरणं मात्र वाढवावं, नेहमीपेक्षा वेगळ्या रस्त्याने, हुंगण्यासारखं खूप काही असेल तिथे. कोपऱ्यात बसून "अरे माझी बाय ती" म्हणत कुरवाळत राहण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

एवढ्यानेही भागलं नाही, किंवा कुत्री फारच बेचैन, आक्रमक झाली, तर औषध आहे. कॅबरगोलीन प्रोलॅक्टिनला थेट आवर घालतं; साधारण पाच ते सात दिवसांत फरक पडतो. माणसांसाठीच्या गोळीत ते बहुधा अर्धा मिलिग्रॅम असतं, आणि दहा किलोच्या कुत्रीला रोज लागतं त्याच्या दहाव्या भागाइतकं, म्हणून केमिस्टकडून आणून अंदाजाने तुकडा देऊ नका. शिवाय कुत्री खरंच गाभण असेल तर याने गर्भपात होतो. आणखी एक सापळा उलटीच्या गोळीचा. ही कुत्री कधी उलट्या करते, आणि घरात डॉमपेरिडोन पडलेलं असतं. डॉमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. हवं त्याच्या अगदी उलट. माज रोखणारी हार्मोनची इंजेक्शनं थोडा आराम देतात, पण असर उतरला की लक्षणं परततात आणि गर्भाशयाच्या आजाराचा धोका वाढतो.

"एकदा पिल्लं होऊ द्या, मग परत होणार नाही" हा सल्ला सोसायटीच्या बागेत फुकट मिळतो. व्यायल्याने हे थांबत नाही, पुढच्या माजानंतर ते पुन्हा होऊ शकतं. वरून सात-आठ पिल्लांना घरं शोधत फिरायचं. कायमचा उपाय नसबंदीचा, पण त्यातही घाई नडते. दूध असताना, लक्षणं चालू असताना अंडाशय काढले तर प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं, प्रोलॅक्टिन उसळतं, आणि खोटं गाभणपण काही कुत्र्यांमध्ये महिनोन्‌महिने रेंगाळतं. मग नसबंदी झालेली कुत्री वस्तू राखते, गुरगुरते, तिच्यावर "स्वभाव बिघडला" असा शिक्का बसतो आणि मूळ कारणाकडे कोणी पाहत नाही. लक्षणं पूर्ण ओसरू द्या. माजानंतर तीन-चार महिन्यांनी शस्त्रक्रिया करावी.

म्हणून माजाचा पहिला दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. तुमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल. आणि त्या तारखेनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत तिच्या पाण्याच्या भांड्यावर नजर ठेवा. सड लाल, कडक, गरम झाले तर आत पू होत असतो, त्याला उपचार हवेत. पण ती पाणी फार पीत असेल, मलूल पडली असेल, मागून पू किंवा दुर्गंधी येणारा स्राव जात असेल, तर ते खोटं गाभणपण नव्हे. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, लेखमालेच्या पुढच्या भागाची वाट पाहू नका; तो भाग त्याच आजारावर आहे.