विण्याच्या काळातील उष्णताताण आणि ई जीवनसत्त्व : चांदूर बाजार परिसरातील म्हशींच्या संदर्भात

अचलपूरच्या जुन्या नावावरून नागपुरी म्हशीस एलिचपुरी असेही संबोधले जाते. लगतच्या चांदूर बाजार परिसरात पावसाळ्याच्या आरंभी विणाऱ्या म्हशीचे गाभणकाळाचे अखेरचे आठवडे ऐन मे महिन्यात येतात. काळी त्वचा व अल्प घर्मग्रंथी यांमुळे तिला उष्णता विशेष बाधते.

विण्यापूर्वीचे व नंतरचे तीन-तीन आठवडे हा संक्रमणकाळ होय. या काळात शरीराची गरज वाढते, उष्णतेमुळे आहार मात्र घटतो. परिणामी पेशींत क्रियाशील ऑक्सिजनयुक्त रेणूंचा अतिरेक होतो. ई जीवनसत्त्व पेशीपटलाचे रक्षण करते, तर सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा घटक आहे. हे संरक्षण अपुरे पडल्यास पांढऱ्या पेशींची जंतुनाशक शक्ती क्षीण होऊन वार अडकणे, कासदाह असे विकार संभवतात.

खरी अडचण वैरणीत आहे. हिरव्या चाऱ्यातील ई जीवनसत्त्व वाळवणीत मोठ्या प्रमाणात नष्ट होते आणि उन्हाळ्यात तर कडबा व कुटार हाच आधार. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2001 मध्ये साठविलेल्या वैरणीवरील, दूध आटलेल्या गाभण गाईस वजनाच्या दर किलोमागे 1.6 आंतरराष्ट्रीय एकके सुचविली. 450 किलो वजनास ती 720 भरतात. शिफारस गाईंसाठीची आहे. म्हशीस ती जशीच्या तशी लावणे धाडसाचेच. सेलेनियमची मात्रा तर शुष्क आहाराच्या प्रतिकिलो अवघी 0.3 मिलिग्रॅम, अतिरेक विषारी ठरतो. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना इंजेक्शन देऊ नये.

शिवाय ही पूरक द्रव्ये गोठ्यातील उष्णता कमी करीत नाहीत. सावली, मुबलक पाणी व डुंबण्याची सोय नसल्यास त्यांचा लाभ मर्यादितच राहतो. वैरणही पहाटे व रात्री द्यावी, कारण दुपारच्या उन्हात म्हैस तिला फारसे तोंड लावत नाही.