ताम्हण: बोंडापासून लाकडापर्यंत

ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. शहरात ते शोभेसाठी रस्त्याकडेला लावतात. पण हा मुळात कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा वृक्ष आहे. एवढं ध्यानात ठेवलं की त्याला काय हवं, काय नको, हे बरंचसं उमगतं.

सुरुवात बोंडापासून करावी. फुलं गळाल्यावर धरलेली हिरवी फळं हिवाळ्यात तपकिरी आणि टणक होतात, मग उकलतात. रिकामी काळपट बोंडं पुढे कित्येक महिने फांदीवर तशीच दिसतात, ती कामाची नाहीत. रंग बदललेली पण न उकललेली बोंडं तोडून सुपात पसरावीत आणि उन्हात ठेवावीत. दोन-चार दिवसांत ती तडकतात आणि आतून चपटं, एका बाजूला पातळ पंख असलेलं बी बाहेर पडतं. ते वाऱ्याने सहज उडतं, म्हणून सुपावर विरळ कापड टाकावं.

सगळं बी रुजत नाही, तेव्हा पेरणी जरा दाटच करावी. पोयटा, वाळू आणि कुजलेलं शेणखत यांच्या वाफ्यावर बी भुरभुरावं, वर वाळूचा पातळ थर द्यावा आणि बारीक झारीने पाणी घालावं. धारेच्या पाण्याने बी वाहून जातं. रोपं चार पानांची झाली की पिशवीत घ्यावीत. पहिल्या वर्षी वाढ रेंगाळते. त्याने खचू नये. वर्षभराचं रोप पावसाच्या सुरुवातीला, भरपूर ऊन मिळेल अशा जागी लावावं. देशावर लावलं असेल तर पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं.

फुलोरा येतो तो त्याच हंगामात फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांना. पानगळ झाल्यावर नवी पालवी फुटते आणि एप्रिल-मेमध्ये झाड जांभळं होतं. फूल हातात घेऊन पाहा: चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या सहसा सहा पाकळ्या, प्रत्येकीला बारीक देठ आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. फूल जुनं होत जाईल तसा जांभळा रंग फिका पडतो. बहर नव्या फांद्यांच्या टोकांनाच असतो, म्हणूनच उन्हाळ्यात पावसाळापूर्व कामं म्हणून या झाडांवर सरसकट कुऱ्हाड चालते, तेव्हा जीव हळहळतो. ऐन बहर त्या फांद्यांबरोबर जातो. छाटायचंच असेल तर नवी पालवी फुटण्याआधी, हिवाळा सरताना छाटावं.

लाकूड तांबूस, कठीण आणि पाण्यात टिकणारं. होड्या, गाड्या आणि घरबांधणीसाठी ते वापरात आहे. आसाम आणि म्यानमारमध्ये त्याला विशेष मान आहे. ओंडका उन्हात उघडा टाकला तर चिरा पडतात, म्हणून फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात आणि सावकाश वाळवाव्यात. मात्र लाकूडजोगं खोड व्हायला काही दशकं जातात, आणि झाड तोडण्याआधी रीतसर परवानगी आवश्यक आहे का, हे तपासावं.

निव्वळ लाकडासाठी लावायचं असेल आणि जमीन निचऱ्याची असेल, तर साग बरा. पण पाणी साचून साग तग धरत नाही अशा ओढ्याकाठच्या पट्ट्यात ताम्हणच लावा.