पायांतून वर चढणारी दुर्बलता

इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या सडकेवर सांवेर हे तहसिलीचे गाव आहे. तेथला एखादा धडधाकट तरुण सोमवारी तळपायांना मुंग्या येतात म्हणतो, बुधवारी पायरी चढताना अडखळतो आणि शुक्रवारी त्याच्याने पाण्याचा तांब्याही उचलवत नाही. घरची मंडळी मात्र अशक्तपणाचे निमित्त सांगून सलाइन लावून आणतात, आणि त्यात गेलेल्या दिवसांची भरपाई पुढे कोणतेही यंत्र करू शकत नाही.

अशा विकाराच्या निदानात रोग्याच्या तारीखवार जबानीइतके मोल क्वचितच दुसऱ्या कशास असेल. दोन्ही पायांपासून सारखीच वर चढणारी दुर्बलता आणि गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली असता पाय न उडणे, ही जोडी दिसली की गियाँ-बारे विकाराचा संशय घ्यावा. १९१६ साली गियाँ, बारे व स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी दोन सैनिकांच्या मेरुद्रवात प्रथिने वाढलेली, परंतु पेशी न वाढलेल्या दाखविल्या. तथापि पहिल्या आठवड्यात ही तपासणी पुष्कळदा निर्दोष येते, आणि तेवढ्यावरून रोग नाही असा फैसला देणे घातक होय. लघवी अडली व धडावर एका रेषेखाली स्पर्श कळेनासा झाला, तर दोष मज्जारज्जूत शोधावा. रक्तातील पोटॅशियम घसरूनही तरुण माणूस एका रात्रीत लुळा पडतो. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्याच्या पापण्या पहाटे आधी मिटू लागल्या, तर मण्यारीचा दंश विसरू नये. तो फारसा दुखत नाही, आणि त्याची खूणही कित्येकदा सापडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत गियाँ-बारेची साथच आली आणि रोग्यांची संख्या दोनशेंवर गेली. कित्येकांना आधी जुलाब झाले होते. शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू आढळला. जंतूशी झुंजण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात, म्हणून मागील महिन्यातील पोटाच्या तक्रारीची चौकशी अगत्याची.

खरी भीती श्वासाची. बोटावरचे ऑक्सिजनमापक उशिरापर्यंत निर्धास्त आकडा दाखवीत राहते. रोग्याला एका श्वासात अंक मोजावयास सांगावे, आणि वीसपर्यंत पोचता येईना तर त्याला अतिदक्षता विभागात हलवावे. इम्युनोग्लोब्युलिन पाच दिवस देणे किंवा प्लाझ्मा बदलणे, हेच उपचार. स्टिरॉइडचा येथे उपयोग नाही. हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास लाभ अधिक. तेव्हा सांवेरकरांनी पाय लटपटू लागताच लक्षणांच्या तारखा कागदावर टिपाव्यात आणि त्याच दिवशी कृत्रिम श्वसनाची सोय असलेले इंदूरचे मोठे रुग्णालय गाठावे.