काड्या पूर्ण, फोन मात्र लागेना

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरला जाणारा रस्ता पायी निघालेल्या भाविकांनी फुललेला असतो. अशा गर्दीत कुणाची चुकामूक झाली की खिशातून फोन निघतो. काड्या पूर्ण, फोन मात्र लागत नाही.

काड्या खोटं सांगत नाहीत. टॉवरचा आवाज फोनपर्यंत पोचतोय, एवढंच त्या सांगतात. टॉवर आपली ओळख आणि वेळेची खूण सतत पाठवत असतो आणि फोन आपलं घड्याळ तिच्याशी जुळवून घेतो. हे ऐकणं लाखो फोनना एकाच वेळी जमतं. अडतं ते बोलताना. टॉवरला पहिली हाक ठरलेल्या क्षणीच मारायची असते. फोरजीत त्या हाकेचे एका सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या एका टापूत, ६४च नमुने. फोन त्यातला एक आपला आपण उचलतो. दोघांनी एकच उचलला तर टक्कर होते, मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. ही युक्ती १९७१च्या सुमारास हवाई बेटांवरच्या ‘अलोहानेट’ या रेडिओ-जाळ्यातून आली. गर्दी फारच झाली, तर टॉवरच काही फोनना ‘आत्ता हाक मारू नका’ असं बजावतो. त्यात चिडून पुन्हा पुन्हा डायल करणारे गोंधळात भरच घालतात!

हाक पोचली तरी जागा हवी. टूजीने ती सामाईक विहिरीवरच्या पाळीसारखी वाटली: २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर आठ पाळ्या, एकेक ५७७ मायक्रोसेकंदांची. दोन पाळ्यांमधली मोकळी फट जेमतेम ३० मायक्रोसेकंदांची. दहा किलोमीटरवरच्या शिवारातल्या फोनला मात्र लहरींच्या जाण्यायेण्यातच ६७ मायक्रोसेकंद उशीर होतो, म्हणजे तो दुसऱ्याच्या पाळीत घुसणार. म्हणून टॉवर त्याला तेवढं आधीच बोलायला लावतो. या आगाऊपणाच्या पायऱ्या ६३, प्रत्येक सुमारे साडेपाचशे मीटरची. त्यामुळे साध्या टूजी सेलची हद्द ३५ किलोमीटरवर संपते, मग मधे एकही टेकडी नसो.

२००३मध्ये ५०१ रुपयांत रिलायन्सचा फोन घराघरांत शिरला, त्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या सीडीएमए तंत्रात सगळे एकाच पट्ट्यावर एकदम बोलत. ओळख पटे ती प्रत्येकाच्या वेगळ्या कोडवरून. जवळच्या फोनने दूरच्याचा आवाज बुडवू नये म्हणून टॉवर सेकंदाला ८०० वेळा ‘जोर वाढव, कमी कर’ असं सांगत असे.

फाइव्हजीत घड्याळाची शिस्त टॉवरांवरच आली. फाइव्हजीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात बोलणं आणि ऐकणं एकाच लहरीवर, आळीपाळीने चालतं. जालन्याच्या मोंढ्यातला टॉवर बोलत असताना त्याच पट्ट्यावरचा शेजारचा टॉवर ऐकायच्या पाळीत असला, तर त्याला फोनचा क्षीण आवाज कसा कळावा? त्यामुळे अशा सगळ्या टॉवरांची घड्याळं सामाईक वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाहून जास्त ढळू द्यायची नसतात. ही वेळ उपग्रहांकडून किंवा फायबरमधून येते.