घरच्या वैमानिकाने कोणते विमान निवडावे?

टी. नगरच्या उस्मान रोडवर कांजीवरम घ्यायला गेलेल्या ग्राहकापुढे दुकानदार शंभर साड्या उलगडतो. तरीही साडी कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगासाठी, हे घरूनच ठरवून निघालेल्या गृहिणीची निवड क्वचितच चुकते. याच टी. नगरमधील आमच्या सदनिकेत गेल्या वर्षी एक आगळी खरेदी झाली. घ्यायचे होते प्रवासी विमान, अर्थात संगणकावरचे.

विमानचालनाचा हुबेहूब आभास देणारी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ ही संगणक प्रणाली नवी नाही. मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये आली. अलीकडच्या आवृत्त्या २०२० आणि २०२४ च्या. ‘एक्स-प्लेन’ ही तिची जुनी प्रतिस्पर्धी. मूळ प्रणालीसोबत काही विमाने मिळतातच. परंतु खऱ्या कॉकपिटमधील बहुतेक प्रत्येक बटण जिथे आपले काम करते, अशी विमाने स्वतंत्र निर्माते तयार करतात आणि ती वेगळी घ्यावी लागतात. निवडीचा पेच तेथूनच सुरू होतो.

आमच्याकडे हा छंद जडला तो शहात्तर वर्षांच्या वडिलांना. एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत त्यांची उमेद गेली. पक्षाघाताच्या सौम्य झटक्यानंतर त्यांचा उजवा हात अधू झाला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास वर्ज्य केला. पुण्याचे घर दुरावले. ‘निदान पडद्यावर तरी मला स्वतः पुण्याला जाऊ द्या,’ एवढेच त्यांचे मागणे होते.

नातवाचा आग्रह बोइंग ७७७ चा. पीएमडीजी या कंपनीने २०२४ मध्ये आणलेले हे विमान खरोखरच देखणे आहे. पण त्याचा मान लांब पल्ल्याला. चेन्नई ते लंडन म्हणजे दहा तासांहून अधिक उड्डाण. रविवारच्या दोन-तीन तासांत ते कसे बसणार? चेन्नई ते पुणे हवाई अंतर सुमारे ९०० कि.मी. तयारीसकट अडीच तासांत आटोपणारा हा प्रवास. तेव्हा स्पर्धा उरली बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३२० या दोन मध्यम विमानांत.

दोन्हींच्या उत्तम प्रतिकृती उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर पीएमडीजीचे ७३७ आणि फेनिक्सचे ए-३२०, ही दोन्ही २०२२ पासून. एक्स-प्लेनवर टोलिसची एअरबस विमाने आणि ‘झिबो’ नावाने ओळखले जाणारे विनामूल्य ७३७. ‘फ्लायबायवायर’ या स्वयंसेवकांच्या गटाचे ए-३२० निओ हेही विनामूल्यच.

खरा फरक विमानांच्या स्वभावात आहे. ७३७ ची घडण १९६० च्या दशकातील. हाताने उडवताना वेग बदलला की नाक वर किंवा खाली जाऊ पाहते. वैमानिकाला ‘ट्रिम’ फिरवून तोल सतत सावरावा लागतो. हाती काम असावे असे वाटणाऱ्याला यातच आनंद आहे. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० मध्ये दांडीचा इशारा संगणकाकडे जातो. दांडी मध्यावर सोडली की विमान धरलेला मार्ग राखते आणि ट्रिम आपोआप होते. शिवाय कॅप्टनची दांडी डाव्या हाताला असते. इंजिनांच्या शक्तीचे दांडे, स्वयंचलित व्यवस्था चालू असताना, उड्डाणानंतर एका खाचेत ठेवले की उतरण्याच्या क्षणापर्यंत सहसा हलवावे लागत नाहीत. वडिलांचा डावा हात शाबूत होता. आमचा निर्णय तेथेच झाला.

तरीही पैसे लगेच मोजले नाहीत. तीन महिने विनामूल्य विमानावर सराव केला. पुढे वडिलांचा कार्यशाळेतला जीव उसळून आला: ‘काय बिघडले की काय होते, ते पाहायचे आहे.’ म्हणून बिघाडांचा सखोल अभ्यास घडवणारे फेनिक्सचे विमान घेतले. हौस अंगवळणी पडल्यावर केलेला खर्च सहसा वाया जात नाही.

वाचकांपैकी कोणी या वाटेने निघणार असतील, तर आधी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. मला उड्डाणासाठी सलग किती वेळ मिळतो? माझ्या मनातला मार्ग किती लांबीचा आहे? माझे हात आणि माझा संगणक काय पेलू शकतात? विमान आपल्याच प्रणालीसाठी, त्याच आवृत्तीसाठी आहे ना, हे तपासावे. मायक्रोसॉफ्टसाठी घेतलेले विमान एक्स-प्लेनवर चालत नाही. परताव्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वीच वाचाव्यात. विक्रेता परदेशी असल्यास आपल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहाराची सोय सुरू आहे का, ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डावर ती आपण सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. मर्यादा बेताची ठेवावी, खरेदी झाल्यावर सोय बंद करावी आणि छापील किमतीवर चलन-विनिमयाचा आकार पडतो, हेही हिशेबात धरावे.

आता दर रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यातून मीनंबाक्कमच्या ३,६५८ मीटर धावपट्टीवरून एक विमान उडते. लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर, आणि ती समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर. म्हणून वडील उतरण्याची तयारी फार आधीपासून करतात. जमीन वीस फुटांवर आली की विमानाचा आवाज बजावतो, ‘रिटार्ड’, म्हणजे शक्तीचे दांडे मागे घ्या. ते काम उजव्या हाताचे. त्या क्षणी मी शेजारी बसून दांडे मागे ओढतो. चाके टेकली की वडील डाव्या हाताने चष्मा काढतात आणि म्हणतात, ‘चला, पुणे आले.’