डोक्याची मालिश: बोटांखाली नेमकं काय असतं?

व्हिडिओत मालिशचे हात दाखवले, आता नेमकं कुठं दाबायचं ते समजून घेऊ.

आधी स्वतःवर करून बघा. कपाळावर बोटं ठेवून भुवया उंचवा. हलतो तो फ्रंटॅलिस. कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा. फुगतो तो टेम्पोरॅलिस, म्हणजे चावण्याचा स्नायू. डोक्याच्या मागच्या हाडावर असतो ऑक्सिपिटॅलिस. आणि टाळूवर? तिथं स्नायू नाहीच! पुढच्या-मागच्या स्नायूंना जोडणारा चिवट पडदा आहे.

म्हणून टाळूवर जोर लावून फायदा नाही. बोटं टेकवा आणि केस न घासता त्वचाच गोल सरकवा. कानशिलं आणि डोक्याची मागची बाजू, इथं जास्त वेळ द्या. कानशिलाचं हाड पातळ असतं, तिथं हात हलकाच ठेवा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: गिऱ्हाईकानं सांगितलं तरी मान कडकन मोडू नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतूनच जातात. झटक्यानं त्या आतून फाटल्या तर माणसाला अर्धांगवायू होऊ शकतो. "दादा, मान मोडत नाही, चांगली मालिश करून देतो," असं सरळ सांगा. गिऱ्हाईक तुटत नाही.